मोबाईल जिंकला म्हणता, पण कुस्ती झाली कधी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही तो लेख छापला ना, हातात धरायच्या गेम कन्सोलचे (म्हणजे हँडहेल्डचे) दिवस भरले, आता सगळं मोबाईलवर आणि महिन्याच्या सबस्क्रिप्शनवर, तो मी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा दोनदा वाचला. लिहिणाऱ्यानं अभ्यास केलाय हे दिसतं. पण वाचताना सारखं वाटत राहिलं की हा माणूस खेळणाऱ्या पोराशेजारी बसून नाही, विकणाऱ्याच्या गल्ल्यावर बसून लिहितोय. पत्र लांबणार आहे, कापायचं तर कापा, फक्त ऑटोपेचा, म्हणजे दर महिन्याला खात्यातून आपोआप पैसे कटतात त्याचा, भाग राहू द्या.

माझं अमळनेरला रिपेरिंगचं छोटं दुकान आहे, १९९६ पासून. आधी रेडिओ, टेप, मिक्सर, मग टीव्ही, आता जवळपास सगळं मोबाईल. (विप्रोची सुरुवात १९४५ साली याच गावातल्या तेलाच्या कारखान्यातून झाली असं आम्ही पाहुण्यांना अभिमानानं सांगतो, पण आमच्याकडचा खरा आयटी उद्योग म्हणजे फुटलेला डिस्प्ले आणि ढिली झालेली चार्जिंग पिन.)

तर पहिला मुद्दा. मोबाईलनं हँडहेल्डला हरवलं म्हणता, पण आपल्याकडे ही कुस्ती झालीच कुठे? आखाड्यात एकच पैलवान उतरला आणि त्यालाच विजयी ठरवलं. निन्टेन्डो ही जपानी कंपनी भारतात अधिकृतपणे आपला कन्सोल विकतच नाही, जो येतो तो बाहेरून आणलेला, दुकानदार सांगेल तो भाव आणि बिघडला तर वॉरंटीच्या नावानं शंख. त्यांचा नवा 'स्विच २' हा कन्सोल जून २०२५ मध्ये आला तो अमेरिकेतच ४५० डॉलरला, म्हणजे टॅक्स आणि मधल्यांचं कमिशन लागायच्या आधीच ३८-३९ हजार. आसूसचा हातात धरायचा आरओजी अ‍ॅलाय २०२३ मध्ये इथे रीतसर विकायला आला तर किंमत ६९,९९०. एवढ्यात आमच्याकडे दुभती म्हैस येते राव, आणि ती रोज दूध तरी देते. आणि दुसरीकडे २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा फुकटात वाटल्यासारखा झाला, फोन तर घरात आधीच होता, मग चोपडा-यावलच्या केळीच्या बागेत पाण्याची पाळी धरून बसलेलं पोरगं मोबाईलवर नाही खेळणार तर कशावर? मोबाईलनं गेम गरिबाच्या हातात दिला हे मी शंभर टक्के मान्य करतो. पण त्याला जिंकणं म्हणू नका.

आणि आमच्याकडे हँडहेल्ड कधी नव्हताच असंही नाही बरं का. ब्रिक गेम आठवतोय का, ज्यावर '९९९९ इन १' लिहिलेलं असायचं आणि आत पंधरा-वीसच गेम, बाकी तेच गेम नुसते स्पीड बदलून? वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तिथे पाळण्यांच्या बाजूच्या दुकानांत हे ढिगानं लागायचे, लाल, पिवळे, जांभळे. यात्रेनंतर आठ-दहा दिवसांत माझ्याकडे रांग. बिघाड ठरलेले. एक तर पेन्सिल सेल आतच सोडून दिलेले, ते पाझरून स्प्रिंगवर हिरवट-पांढरं साचलेलं, ते पॉलिश पेपरनं घासलं की चालू. दुसरं म्हणजे पडणारा ठोकळा फिरवायचं बटण दबायचंच नाही, कारण बटणाच्या रबराखाली कार्बनची जी काळी टिकली असते ती घासून गेलेली असायची. त्यावर माझा इलाज म्हणजे सिगारेटच्या पाकिटातली चांदी, नखाएवढी कापायची, रबराला फेव्हिक्विकच्या अर्ध्या थेंबानं चिकटवायची, सर्किट स्पिरिटनं पुसायचं, चार स्क्रू लावायचे, काम फत्ते. पाच रुपये घ्यायचो. पोरगं काउंटरवर हनुवटी टेकवून सगळं बघत असायचं आणि विचारायचं, "नाना, हाई नीट व्हई का?" त्यातला एक जण आज नाशिकला इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत आहे, दिवाळीला येतो तेव्हा अजून ती चांदी काढतो विषयात.

तुमच्या लेखात निन्टेन्डोच्या गेम बॉय ह्या हातातल्या कन्सोलला दोन ओळी दिल्यात, तो १९८९ चा एवढंच. अहो, खरी गोष्ट तर पुढेच आहे. तो बनवणारा गुनपेई योकोई निन्टेन्डोत १९६५ ला लागला तो मशीन सांभाळायला, पत्ते छापायच्या कारखान्यात, म्हणजे मूळचा आमच्याच जातकुळीतला मेंटेनन्सवाला. आगगाडीत एक कंटाळलेला माणूस कॅल्क्युलेटरची बटणं दाबत वेळ काढतोय हे त्यानं पाहिलं आणि त्यातून १९८० चा गेम अँड वॉच हा खिशातला गेम सुचला. त्याचं म्हणणं असं की नवीन महागडा पार्ट नको, जो जुना, स्वस्त, खात्रीचा पार्ट आहे त्याचाच काहीतरी वेगळा उपयोग काढा. म्हणून गेम बॉयचा पडदा मेहंदीसारखा हिरवट, रंग नाही, लाइट नाही, पण चार सेलवर पंधरा-पंधरा तास चालायचा. लगेच १९९० ला सेगा कंपनीनं रंगीत गेम गिअर आणला, दिसायला एकदम भारी, पण सहा सेल खाऊन चार-पाच तासात मान टाकायचा. लोकांनी काय घेतलं? गेम बॉय आणि त्याचा पुढचा कलर भाऊ मिळून ११ कोटींच्या वर गेले. रिपेरिंगवाल्याला हे ऐकून नवल वाटत नाही, बॅटरी टिकते ती वस्तू टिकते.

आता सबस्क्रिप्शन.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सुरतला निघालो होतो, बहिणीकडे उधन्याला (खानदेशातल्या निम्म्या घरांचं कुणी ना कुणी सुरतेत आहेच). बहिणीचा मोठा पोरगा सोबत आणि माझा धाकटा. मोठ्याकडे नवा फोन, त्यात महिन्याला पैसे भरून घेतलेले गेम. धाकट्याकडे माझ्याच दुकानात पडून असलेला जुना पीएसपी (सोनीचा हातातला कन्सोल), सुरतच्या पाहुण्यांनी कंटाळून दिलेला, बॅटरी फुगलेली होती ती मी बदलली, मागचं झाकण नखानं उघडतं, बॅटरी काढायची, दुसरी बसवायची, स्क्रूड्रायव्हर सुद्धा लागत नाही. नंदुरबारपर्यंत मोठा धाकट्याला चिडवत होता, काय ते आजोबाचं यंत्र म्हणून. मग नवापूर गेलं, ते स्टेशन जिथे बाकडं अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातेत, आणि त्याच्या पुढे डोंगर-जंगल लागलं तसा टॉवर गेला. गेम तर फोनमध्ये डाउनलोड केलेला होता, पण उघडताना सबस्क्रिप्शन चालू आहे का हे तपासायला त्याला नेट पाहिजे. गोल फिरतंय, गोल फिरतंय. धाकटा त्या चिमुकल्या डिस्कवर गाडी पळवत बसलाय आरामात, खिडकीतून गरम वारा, त्याला ढिम्म फरक नाही. उकाई-सोनगड येईपर्यंत दोघांची भांडणं, शेवटी आळीपाळीनं खेळले. पीएसपीवर.

ही झाली गंमत, पुढची गंमत नाही. आमच्या तालुक्यातला एक शेतकरी, ओळखीचा, फोन स्लो चालतो म्हणून घेऊन आला. साफसफाई करताना मी सहज बँकेचे मेसेज पाहिले तर दर महिन्याला ९९ रुपये कटतायत, अकरा महिने, म्हणजे १,०८९ रुपये, आणि ते खातं कुठलं, तर ज्यात दूध डेअरीचं पेमेंट यायचं ते. पोरानं कधीतरी 'पहिला महिना फुकट' बघून बोट दाबलेलं, यूपीआयचा पिन त्याला माहीतच होता, ऑटोपे चालू झालं. नियमाप्रमाणे पैसे कापायच्या आधी २४ तास मेसेज येतो, येतोही, पण इंग्रजीत, आणि लोनच्या अन् रिचार्जच्या पन्नास मेसेजमध्ये तो कोण वाचणार? मी बंद करून दिलं. संध्याकाळी पोरगं रडत आलं की माझे सगळे गेम कुलूप झाले. बापानं मला विचारलं, "पैसा मना अन् चाबी त्यासना जोडे, हाई कसं काय?" (पैसा माझा आणि चावी त्यांच्याकडे, हे कसं काय?) मी काय उत्तर देणार होतो, मी म्हटलं भाऊ, घराचं भाडं थांबवलं तर मालक कुलूप लावतोच. तो म्हणाला पण भाड्याचं घर हे आधी सांगतात ना. गप्प बसलो.

९९ रुपये स्वस्तच आहेत हो, एका प्लेट शेवभाजीचे पैसे. आणि ज्याला वर्षभरात दहा-बारा वेगळे गेम खेळायचेत त्याला ते परवडतं हेही खरं. पण स्वस्त राहतील हे कुणी सांगितलं? मायक्रोसॉफ्टचा गेम पास (महिन्याचे पैसे भरून गेम खेळायची योजना) बघा, ज्याचं तुमच्या लेखात एवढं कौतुक आहे, त्याचा सगळ्यात वरचा प्लॅन ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत २० डॉलरवरून एकदम ३० वर नेला. दुकान बंद होण्याची भीती वेगळीच. गुगलनं २०१९ ला स्टेडिया काढलं, गेम तुमच्याकडे नाहीच, लांबच्या कॉम्प्युटरवर चालणार आणि तुम्ही नुसतं चित्र बघणार, जानेवारी २०२३ ला शटर खाली. पैसे परत दिले हे कबूल केलं पाहिजे. पण युबीसॉफ्ट कंपनीनं 'द क्रू' नावाचा गाड्यांचा गेम मार्च २०२४ च्या शेवटी बंद केला तेव्हा ज्यांच्या कपाटात डिस्क होती त्यांचाही बंद पडला, कारण कंपनीच्या सर्व्हरशिवाय तो चालतच नव्हता. त्यावरून युरोपात १० लाखांवर लोकांनी सह्या केल्या की विकलेला गेम असा मारू नका. आणि आपल्याकडचं तर ताजंच आहे, २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर सरकारी बंदी आली, ती योग्य का अयोग्य हा वाद मी इथे काढत नाही, पण त्या आठवड्यात माझ्या दुकानात पोरं यायची, "नाना, जुनं व्हर्जन टाकून द्या ना," आणि दोन-तीन वर्षं पैसे घालून घेतलेले कपडे, बंदुका कुठे गेल्या असं विचारायची. जुनं व्हर्जन टाकून काय उपयोग, दुसऱ्या टोकाला कुणी नकोच का?

हे सगळं म्हटल्यावर कुणी म्हणेल हा नाना कन्सोलवाल्यांचा एजंट आहे. नाही भो. ते लोकही त्याच वाटेनं चाललेत. स्विच २ च्या बऱ्याच गेमचं कार्ड विकत घेतलं तर आत गेम नसतोच, नुसती चावी असते, कार्ड घाला आणि सगळा गेम नेटवरून उतरवा. निन्टेन्डोनंच आपल्या जुन्या ३डीएस कन्सोलचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ ला बंद केलं, आता तिथे नवीन काही घेता येत नाही. स्टीम डेक हा हातातला गेमिंग कॉम्प्युटर मला आवडतो कारण तो उघडून दुरुस्त करता येतो, पार्टही मिळतात (आपल्याकडे नाही, तिकडे), पण स्टीम ह्या त्याच्या ऑनलाइन गेम-दुकानात सुद्धा ऑक्टोबर २०२४ पासून पैसे भरताना लिहून येतं की तुम्ही गेम नाही, त्याचं लायसन घेताय. निदान आधी सांगतात, त्या शेतकऱ्याचं तेवढंच म्हणणं होतं.

म्हणून लेखातलं 'हँडहेल्ड संपणार' हे मला पटत नाही. पहिला स्विच १५ कोटींच्या वर गेला, त्याला संपणं म्हणत नाहीत. माझा अंदाज असा की हातात धरायचा डबा राहील, उलट वाढेल, पण तो सबस्क्रिप्शनचाच डबा होईल, जसा सेट टॉप बॉक्स असतो, डबा घरात आणि रिचार्ज संपला की काळा पडदा. मग मोबाईल की कन्सोल ह्या भांडणाला अर्थ काय उरतो? मला गिऱ्हाईक उद्या कन्सोल दाखवून विचारेल ना, नाना घेऊ का, तर मी तीनच गोष्टी विचारणार: टॉवर नसताना चालतो का, बॅटरी बदलता येते का, आणि कंटाळा आल्यावर दुसऱ्याला विकता येतो का. आमच्याकडे पोरांचा गेम कधी एका पोरासाठी नव्हताच, मोठ्याचा धाकट्याला, धाकट्याचा मामाच्या पोराला, टीव्ही गेमची एक कॅसेट अख्ख्या गल्लीत फिरायची आणि परत यायची तेव्हा तिच्या पट्टीवर पाच जणांची फुंकर आणि थुंकी असायची, मी खोडरबरानं पुसून द्यायचो. सबस्क्रिप्शन उसनं देता येत नाही हा त्याचा सगळ्यात मोठा दोष, आणि तुमच्या लेखात तो शब्दानंही नाही.

बॅटरीचं तिकडे काहीतरी होतंय. युरोपनं कायदा केलाय, फेब्रुवारी २०२७ पासून असल्या हातातल्या वस्तूंची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. भुसावळच्या मे महिन्यातल्या ४५ डिग्रीत कार्याच्या गर्दीत फोन किती फुगतात हे त्यांना माहीत असतं तर दहा वर्षं आधीच केला असता. आपल्याकडे हा नियम कधी येतो ह्यावर एखादा लेख लिहून घ्या ना, मी माहिती द्यायला तयार आहे, दुकानात चहा पण पाजतो.

आणि जाता जाता एक दुरुस्ती. लेखातल्या चौकटीत पीएसपी २००६ साली आला असं छापलंय. तो जपानमध्ये डिसेंबर २००४ ला आला. माझ्या टेबलावर आत्ता एक उघडा पडलाय, झाकणाच्या आतल्या स्टिकरवर बघून लिहितोय असं नाही, पण हे पाठ आहे. पुढच्या अंकात तेवढं नीट करा.

आपला,
एक रिपेरिंगवाला नाना,
अमळनेर, जि. जळगाव