पहिले होल्स्टर: नक्षी नंतर, आधी चाप झाकला पाहिजे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाकीट आणि पट्टा हाताने शिवून झाला की चर्मकामाच्या हौशी माणसाला पिस्तुलाचे होल्स्टर, म्हणजे पट्ट्याला लावायचे म्यान, करावेसे वाटते. ज्याच्याकडे परवान्याचे पिस्तूल आहे त्याने ते जरूर करावे. साधी हत्यारे आणि सावकाश चालणारा हात एवढे भांडवल पुरते. मात्र या कामाविषयी जे लिहिले जाते त्यात रंग, नक्षी आणि कडांची चकाकी यांनाच जागा मिळते. पाकिटाचे माप चुकले तर पाकीट वाया जाते, होल्स्टरचे चुकले तर गोळी सुटू शकते. म्हणून या कामातला जोखमीचा भाग आपल्या वाचकांपुढे सविस्तर यावा, यासाठी हे पत्र.

कामाला बसण्यापूर्वी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढावे, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर (काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी पाहावे, बोटानेही चाचपावे आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. मधेच उठून परत आलो तर हे सारे पुन्हा करावे. त्याच मॉडेलचा प्लास्टिकचा किंवा ॲल्युमिनियमचा साचा मिळाला तर फारच उत्तम.

कातडे झाडांच्या साली-फळांतल्या टॅनिनने कमावलेलेच हवे. जॅकेटचे वा पर्सचे मऊ कातडे बहुधा क्रोमने कमावलेले असते. ते ओले करून दिलेला आकार धरून ठेवत नाही आणि त्यातले क्षार पोलादाला गंज आणू शकतात. मध्यम आकाराच्या पिस्तुलाला २.८ ते ३.२ मिलिमीटर जाडी योग्य. बाजारात ती ७ ते ८ औंस म्हणून ओळखली जाते, कारण या व्यवहारात एक औंस म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर. तुकडा पाठीचा किंवा खांद्याचा घ्यावा. पोटाकडचे कातडे स्वस्त मिळते, पण ते ताणत जाते आणि होल्स्टर काही महिन्यांत सैल पडते.

पहिल्या प्रयत्नाला दोन पाकळ्यांचे, ज्याला पॅनकेक म्हणतात ते, होल्स्टर सोपे. पुढे एक पाकळी, अंगाकडे एक, मध्ये पिस्तूल, दोन्ही बाजूंना शिवण आणि शिवणीच्या बाहेर पट्ट्याची खाच. जाड कागदावर पिस्तूल आडवे ठेवून पेन्सिल अगदी उभी धरून कड उतरवावी. पेन्सिल कलली की दोन-तीन मिलिमीटर तिथेच चुकतात. पिस्तूल पट्ट्यावर किंचित पुढे कलते, १० ते १५ अंश, असे ठेवले की काढायला सोयीचे होते. हा कोन कागदावरच ठरवावा.

आता शिवणीची रेघ. पहिल्यांदा करणारे बहुतेक जण इथेच फसतात. रेघ पिस्तुलाच्या उतरवलेल्या कडेपासून किती दूर घ्यायची याचा हिशेब असा: त्या जागी पिस्तुलाची जी जाडी, तिचा अर्धा भाग, अधिक कातड्याची जाडी. स्लाइड २८ मिलिमीटर जाड आणि कातडे ३ मिलिमीटरचे असेल तर १४ अधिक ३, म्हणजे १७ मिलिमीटर. पाकळीला पिस्तुलाच्या जाडीच्या मध्यापर्यंत उतरायचे असते, म्हणून अर्धी जाडी. आणि वाकताना कातडे आपल्या जाडीइतकी जागा खाते, म्हणून उरलेले ३. स्लाइडच्या कडा गोलसर असतील तर एखादा मिलिमीटर कमी धरावा.

पण हाच आकडा घेऊन सगळीकडे फिरू नये. चापाभोवतीची कडी स्लाइडपेक्षा बरीच अरुंद असते. ती १४ मिलिमीटर असेल तर तिथे ७ अधिक ३, म्हणजे १० मिलिमीटरच पुरे. तिथेही १७ ठेवले तर होल्स्टर स्लाइडला घट्ट आणि कडीपाशी ढिले होते. पिस्तुलाला खरी पकड कडीच्या पुढच्या बाजूलाच मिळत असते, त्यामुळे असे होल्स्टर पळताना किंवा वाकताना पिस्तूल सोडते. चांगले कातडे कापण्याआधी हाच आराखडा फेल्टच्या किंवा रद्दी कातड्याच्या तुकड्यावर उतरवून, चिमट्यांनी धरून पाहावा.

चापाची कडी दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकली गेली पाहिजे. यात तडजोड नाही. मूठ मात्र मोकळी हवी: पिस्तूल होल्स्टरमध्ये असतानाच तळहाताची पूर्ण पकड बसली पाहिजे आणि मधले बोट कडीच्या खाली थेट टेकले पाहिजे. तिथे कातडे आडवे आले तर पिस्तूल अर्धवट पकडीत बाहेर येते आणि हवेत पकड सुधारावी लागते.

तोंडाविषयी जरा जास्त लिहितो. पिस्तूल काढल्यावर होल्स्टरचे तोंड उघडे राहिले पाहिजे. मऊ तोंड पट्ट्याच्या दाबाने मिटते. पिस्तूल परत ठेवताना त्याची घडी आत वळून चापावर बसते आणि माणूस पिस्तूल खाली दाबत राहतो. नकळत गोळी सुटण्याचे हे माहितीतले कारण आहे. यावर उपाय म्हणजे बाहेरच्या पाकळीच्या तोंडाशी २५ ते ३० मिलिमीटर रुंदीची दुसरी पट्टी चिकटवून शिवणे. हे काम पाकळ्या जोडण्यापूर्वीच करावे, नंतर आत सुई जात नाही. तोंडाची कड आणि आतली बाजू गुळगुळीत करणेही याच वेळी उरकावे. पट्ट्याच्या खाचाही आत्ताच: ३८ मिलिमीटरच्या पट्ट्याला ४० मिलिमीटर लांब, दोन्ही टोकांना गोल पंचाने भोके आणि मग मधला भाग रापीने (कातडे कापायच्या पात्याने). टोक चौकोनी कापले तर कोपऱ्यातून चीर पुढे सरकते. खाच आणि शिवण यांच्यात १० मिलिमीटर तरी अंतर असावे.

जोडताना कातड्याची गुळगुळीत बाजू चिकटवायची असेल तर ती आधी खरवडावी. कॉन्टॅक्ट सिमेंट (चिकटवायचा गोंद) दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासे झाले की दाबावे. घाईने ओले असताना जोडले तर शिवण घालताना थर सरकतात. ४ मिलिमीटर अंतराच्या फणीने भोकांच्या खुणा करून भोके आरीने (टोकदार सळईने) पाडावीत. ६ मिलिमीटर जाडीतून आरी जराशी तिरकी गेली तरी मागचे टाके नागमोडी होतात, म्हणून दर चार-पाच भोकांनी उलटून पाहावे.

शिवण दोन सुयांची, सॅडल स्टिच. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया जातात, त्यामुळे एक दोरा तुटला तरी दुसरा जोड धरून राहतो. मेण लावलेला पॉलिएस्टरचा ०.८ ते १ मिलिमीटर दोरा घ्यावा. शिवणीच्या चौपट दोरा घ्या असे सर्वत्र सांगतात, पण इथे तो कमी पडतो. ४ मिलिमीटरच्या टाक्याला प्रत्येक सुई ४ अधिक ६, म्हणजे १० मिलिमीटर दोरा खाते. दोन सुयांचे २० झाले. म्हणजे पाचपट, शिवाय दोन्ही टोकांना हातात धरायला वीतभर. शेवटी दोन-तीन टाके उलटे घेऊन दोरा कापावा.

मग आकार देणे. पिस्तुलाला पातळ प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळावा. टॅनिनचे ओले कातडे लोखंडाला लागले की निळसर काळा डाग पडतो आणि तो साध्या धुण्याने जात नाही, म्हणून लोखंडी चिमटेही दूर ठेवावेत. कागद गुंडाळण्याआधी नेम धरायच्या पुढच्या माशीपासून मागच्या माशीपर्यंत ६ मिलिमीटरची लाकडी काडी चिकटवावी, म्हणजे आत लांब पन्हळ तयार होते आणि काढताना माशी कातडे खरवडत नाही. मॅगझिन सोडण्याचे बटण आणि सेफ्टीचा खटका यांवरही कातड्याचा छोटा तुकडा ठेवावा. नाहीतर कातडे त्यांच्यावर घट्ट बसते आणि नुसत्या हालचालीने मॅगझिन सुटते किंवा सेफ्टी सरकते.

कोमट पाण्यात १५-२० सेकंद, बुडबुडे मंदावेपर्यंत बुडवावे आणि पिस्तूल आत सरकवावे. आधी अंगठ्यांनी, मग हाडाच्या किंवा लाकडाच्या गुळगुळीत पट्टीने कडा उठवाव्यात. फार रेखीव करण्याचा मोह आवरावा. विशेषतः कडीच्या पोकळीत कातडे खोल दाबू नये: तिथे ते चापापर्यंत पोचू शकते, आणि काढताना पिस्तूल अडकते ते वेगळेच. आकार धरला की पिस्तूल बाहेर काढावे, पुसून तेलाचा हात द्यावा. होल्स्टर सावलीत, हवेशीर जागी किमान २४ तास वाळू द्यावे. उन्हात किंवा हीटरसमोर ओले कातडे आक्रसते आणि ठिसूळ होते.

रंग पूर्ण वाळल्यावरच, आणि कापडावर उतरायचा थांबेपर्यंत घासून. कडांना २२०, ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिशपेपर, मग थोडे पाणी किंवा डिंक लावून लाकडाने घासणे. तेलाचा एकच पातळ हात. जास्त तेल मुरले की मेहनतीने आणलेला ताठपणा जातो.

तयार झाल्यावर रिकामे पिस्तूल घालून गादीवर उलटे धरून हलवावे. पडता कामा नये. कडीवर बाहेरून अंगठ्याने जोरात दाबून पाहावे, चाप जराही हलता कामा नये. पट्ट्यावर लावून, एकाच हाताने, न बघता परत ठेवता आले पाहिजे. फार घट्ट वाटले तर पिस्तूल जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर आत ठेवावे. पुन्हा भिजवू नये.

एक गोष्ट अजून. पिस्तूल दीर्घकाळ होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नये. कातडे हवेतली ओल शोषते, पोलादाला गंज चढतो, आणि काडतुसे कातडी कप्प्यांत ठेवली तर पितळेवर हिरवी बुरशीसारखी पुटे येतात. होल्स्टरचे तोंडही दर महिन्याला दाबून तपासावे. ते मऊ पडून आत वळू लागले असेल, तर तेल-रंग लावून वापरत न राहता ते होल्स्टर बाद करावे.

आपला,
चर्मकामातला एक वाचक