डिस्कवरच्या त्या पट्टीसाठी

ताई,

वयानं तुम्ही माझ्या मुलीएवढ्या. पण गेला आठवडाभर मनात तुमचा उल्लेख ताई असाच होतोय, तेव्हा राहू द्या.

आईच्या जात्यावरच्या ओव्या परत मिळाल्या. काल रात्री दोन तास ऐकत बसलो. मधेच तिला खोकला येतो, मग ती विचारते, "चालू हाय का रं ते?" 2019 ला गेली ती. हे विचारणारा तिचा आवाज जगात त्या एकाच डिस्कवर होता.

चूक माझीच. विंडोजऐवजी लिनक्स इतकी वर्षं वापरतोय, त्याचा माज म्हणा. डिस्कचे भाग पाडायचं एफडिस्क नावाचं अवजार आहे, त्यात डब्ल्यू दाबेपर्यंत डिस्कवर काही लिहिलं जात नाही. त्याच सवयीनं पार्टेड या तसल्याच दुसऱ्या अवजारात शिरलो, आणि तिथं हुकूम सुटला की लगेच अंमल. त्यात एसडीसी या डिस्कच्या जागी एसडीबी, म्हणजे आईची डिस्क, टाइप केलं. सगळं जाईल, चालेल का, असं त्यानं विचारलंही होतं. 'येस' म्हणणारा मीच. एक टीबीची डिस्क डोळ्यांदेखत रिकामी दिसायला लागली.

मग दुकानं झाली. पहिल्यानं डिस्क विंडोजला जोडली, "अनअलोकेटेड आहे, काही नाही यात, नवीन व्हॉल्यूम करून देऊ?" म्हणत माउस पुढे सरकवलाच होता. मी केबल उपटली म्हणून वाचलो. दुसऱ्यानं पंधरा हजार आगाऊ मागितले, डेटा मिळो न मिळो. वर, "लिनक्सच्या नादाला कशाला लागलात?" याचे पैसे मात्र लावले नाहीत.

दोघांनीही विचारलं, किती जीबी? तुम्ही विचारलंत, काय आहे त्यात?

मी सांगितलं. तुम्ही काही न बोलता कागदी टेपची पट्टी फाडलीत, निळ्या पेनानं लिहिलंत, 'आई. मूळ प्रत. हात लावू नये', आणि डिस्कवर चिकटवलीत. मग स्वतःची डिस्क काढून तिच्यावर नक्कल घ्यायला लावलीत. तीन तास लागतील म्हणालात आणि चहा टाकलात. ताई, डेटा तर नंतर आला. मी सावरलो ती पट्टी बघून.

चहा पिताना म्हणालात, "काका, सातबारा फाटला म्हणून शेत वाहून जात नाही." डिस्कवरच्या हद्दींची नोंद असलेला नवा तक्ता सुरुवातीच्या 34 सेक्टरांत, डिस्कच्या बारीक कप्प्यांत, बसला होता, शेवटी त्याची एक प्रत, आणि माझं पार्टिशन, म्हणजे डेटा असलेला भाग, सुरू होत होतं 2048 व्या सेक्टरपासून. मधलं रान शाबूत. नंतर टेस्टडिस्क या हरवलेली पार्टिशनं शोधणाऱ्या अवजारानं त्या नकलेवर जुन्या हद्दी शोधून काढल्या, तेव्हा फोल्डरांची नावंसुद्धा जशीच्या तशी समोर आली. 'आई_दिवाळी' वाचलं आणि मला उठून गॅलरीत जावं लागलं. तुम्ही मागे आला नाहीत, हेही लक्षात आहे.

पैशांचं विचारलं तर हसलात. हे अवजार क्रिस्तोफ ग्रनिए नावाच्या फ्रेंच माणसानं लिहून जगाला फुकट दिलंय, त्याचे मी कसले पैसे घेऊ, म्हणालात. माझ्या आईनं फ्रान्स नकाशातही पाहिला नव्हता. तिच्या ओव्या शाबूत राहाव्यात अशी तजवीज तिकडचा कुणी करून ठेवतो आणि इकडं रात्रपाळी करून आलेली एक मुलगी झोप मोडून ती वापरते. दुकानदारांवरचा राग तिथंच अर्धा उतरला. अर्धा अजून आहे, तो राहू दे.

पट्टी काढलेली नाही. सांगितल्याप्रमाणे दुसरी डिस्क घेतली, तिच्यावर प्रत केली, ती बहिणीकडे कराडला ठेवली.

तुमची डिस्क रविवारी आणून देतो, सोबत कंदी पेढे. ती मी पुसलेली नाही. पार्टेडचं नाव काढलं तरी अजून हात थरथरतो. तुम्हीच पुसा, पण त्याआधी तिसऱ्या फोल्डरमधली पहिली ओवी ऐका. त्यात खोकला नाही.