हार्डवेअरवाल्या काकांना, ॲसिडची बाटली न दिल्याबद्दल

काका नमस्कार,

मी ती टबवाली. मे महिन्यात दुपारी तुम्ही जेवायला म्हणून शटर अर्धं खाली ओढलं होतंत तेव्हा धावत आले आणि म्हटलं बाथटब साफ करायला एक लिटर ॲसिड द्या. तुम्ही बाटली काउंटरवर ठेवलीत पण हात काही तिच्यावरून काढला नाहीत, आणि विचारलंत, "आधी काय टाकलंय त्यात?"

मी म्हटलं काही नाही, काल रात्री फक्त ब्लिचिंग पावडर टाकून ठेवलीये, सकाळी जरा पाणी मारलं. तुम्ही बाटली उचललीत आणि परत मागच्या फळीवर ठेवून दिलीत. तेव्हा मला रागच आला होता हो, खरं सांगते. उन्हातून आले होते, आणि पैसे देऊन वस्तू मागतेय तर हे नाही का म्हणतायत असं वाटलं. मग तुम्ही नीट सांगितलंत की ब्लिचिंगवर ॲसिड पडलं की क्लोरीन सुटतो, बंद बाथरूममध्ये माणूस धड बाहेरसुद्धा येऊ शकत नाही. घरी आल्यावर मुलाने सांगितलं की १९१५ साली पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता तो हाच गॅस. काका, आमच्या बाथरूमला डक्टमध्ये उघडणारी वीतभर खिडकी आहे आणि भिंतीपलीकडे आईची खोली, आणि आईला दमा आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून हे पत्र, आणि सगळ्यांसमोर, कारण घरोघरी हेच चालतं, एकाने डाग निघत नाही तर त्याच्यावर दुसरं ओत, दुसऱ्याने नाही तर तिसरं.

टब आजोबांच्या वेळचा, दादरच्या आमच्या जुन्या घरातला. आंघोळीला कोणी वापरला नाही फारसा, पाणी यायची वेळ ठरलेली त्यामुळे वर्षानुवर्षं तो भरून ठेवायचीच वस्तू होता. आता आईला स्टुलावर बसवून त्यात पाय शेकायला देतो, डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून तो स्वच्छ हवा होता. पण नळाखाली काव रंगाचा लांब ओघळ, आणि कडेने जिथपर्यंत पाणी भरायचं तिथे पांढरी जाड रेघ. तुम्ही लगेच ओळखलंत की बाथरूमला बोअरचं पाणी येत असणार. तसंच आहे, स्वयंपाकघरात महापालिकेचं, तानसा-भातसाचं मऊ पाणी, आणि बाथरूमला गेली काही वर्षं सोसायटीने बोअर जोडलंय, ते जड, त्याचे क्षार बसतात.

मग तुम्ही ड्रॉवरमधून ते लोहचुंबक काढून दिलंत, म्हणालात लावून बघा, चिकटलं तर लोखंडावर इनॅमल, नाही चिकटलं तर फायबर नाहीतर ॲक्रिलिक. खट्कन चिकटलं! इनॅमल म्हणजे काचेचाच थर हे मला माहीतच नव्हतं, आमच्याकडे निळ्या काठाच्या इनॅमलच्या ताटल्या होत्या तरी. तीव्र ॲसिडने ती काच खरखरीत होते आणि मग मळ आणखीनच धरते, हे तुम्ही सांगितलं नसतंत तर टब कायमचा गेला असता.

सांगितलंत तस्संच केलं. आधी दोन दिवस नुसत्या पाण्याने धू धू धुतला, कारण लिंबूफूलसुद्धा शेवटी ॲसिडच, ब्लिचिंगचा अंश उरायला नको. मग लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूफूल, त्यात बाबांच्या जुन्या बनियनच्या पट्ट्या भिजवून आधी कोपऱ्यात थोडंसं करून बघितलं आणि मग त्या रेघेवर चिकटवल्या. पट्टीच्या कडेने बारीक बारीक बुडबुडे येताना बघत मी वीस मिनिटं तिथेच बसून होते. पट्टी काढली तर रेघ ओल्या खडूसारखी बोटाने निघाली. काका मी ओरडलेच! खाली मोझॅकची लादी आहे तिच्यावर थेंब पडू द्यायचा नाही हेही लक्षात ठेवलं, जुनी चादर अंथरली होती.

गंजाला लिंबू आणि मीठ, तांब्याच्या भांड्याला चिंच लावतो तसं. तीन वेळा करावं लागलं. ब्लिचिंगने गंज जात नाही, उलट पक्का होतो हे तुमचं म्हणणं अगदी खरं, कारण त्या रात्रीनंतरच ओघळ जास्त गडद झाला होता. साबणाचं कीट खायच्या सोड्याने गेलं, मऊ स्पंजने, तारेची घासणी लावली नाही. आणि सोडा आणि लिंबूफूल एकत्र केलं नाही, तुम्ही म्हणालात एकमेकांना मारतात, उरतं काहीच नाही.

जाळीजवळ नखाएवढा टवका उडालाय तिथला डाग मात्र राहिला. तो जाणार नाही, आतलं लोखंडच उघडं पडलंय, हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत, त्यामुळे मी तिथे घासत बसले नाही. पावसाळा संपला की सुकवून टचअप करून घेऊ.

आणि त्या दिवशी तुम्ही मला विकलंत काय तर नळाचा एक वायसर. म्हणालात नळ ठिबकतोय तोवर डाग परत येणारच, आधी ते बघा. लिंबूफूल तर तुमच्याकडे मिळतही नाही, शेजारच्या वाण्याकडे पाठवलंत. बाटली घेतली असती तर तुमचा धंदा झाला असता, मला कळलंही नसतं, आणि माझी आई त्या भिंतीपलीकडे झोपलेली होती.

काल संध्याकाळी आईने टबात पाय सोडले आणि तळाशी हात फिरवून म्हणाली, अगं हा पांढरा होता होय, मी विसरलेच होते.

तुमचं लोहचुंबक अजून माझ्याकडेच आहे. शनिवारी घेऊन येते, आईने नारळाच्या वड्याही दिल्यात. दुपारी शटर ओढायच्या आधी येईन.