दीडशे ओळींची स्क्रिप्ट सोपी करून दिलीत, त्याबद्दल आभार

स.न.वि.वि.

आमच्या सर्व्हिसची स्टार्टअप स्क्रिप्ट तुम्ही पहिल्यांदा पाहिलीत तेव्हा ती दीडशे ओळींच्या पुढे गेली होती. जुनी स्क्रिप्ट कॉपी करायची, नाव बदलायचं, वर आणखी एक अट चढवायची, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. डेबियन या लिनक्स वितरणाने २०१५ साली, आवृत्ती ८ पासून, सिस्टिमडी (बूट होताना सर्व्हिस सुरू करणारी नवी प्रणाली) डीफॉल्ट केलं, तेव्हा ही स्क्रिप्ट काढूनच टाकू, असं माझं म्हणणं होतं. 'मग सिसव्ही इनिट (अशा स्क्रिप्टवर चालणारी जुनी प्रणाली) चालवणाऱ्यांनी काय करायचं?' एवढंच तुम्ही विचारलंत.

स्क्रिप्टच्या वरच्या एलएसबी हेडरला (सर्व्हिसचं नाव आणि ती कशानंतर सुरू व्हायची हे सांगणाऱ्या ओळींना) तुम्ही हात लावू दिला नाहीत. बूटचा क्रम त्यावरून ठरतो, आणि युनिट फाइल (सिस्टिमडीसाठी सर्व्हिसचं वर्णन करणारी फाइल) नसेल तर सिस्टिमडीसुद्धा तोच वाचून स्वतः युनिट तयार करतं. युनिट फाइल आम्ही नंतर लिहिली, तीही स्क्रिप्टच्याच नावाने, म्हणजे सिस्टिमडी आधी तिलाच धरतं. खालचा स्टार्ट-स्टॉपचा सगळा पसारा मात्र डेबियनच्या सामायिक इनिट-डी-स्क्रिप्टकडे गेला. आमच्याकडे उरला डीमनचा (पार्श्वभूमीत चालणाऱ्या आमच्या प्रोग्रामचा) पाथ, वर्णन आणि सुरू होण्याआधी डिरेक्टरी बनवणारं एक छोटं फंक्शन.

पण खरे आभार पिड फाइलसाठी, म्हणजे चालू डीमनचा प्रोसेस क्रमांक जिच्यात लिहिलेला असतो त्या फाइलसाठी. डीमन क्रॅश झाला की ती तशीच पडून राहायची. पुढे तोच क्रमांक दुसऱ्या प्रोसेसला मिळाला, की आमची तपासणी 'चालू आहे' म्हणायची आणि स्टार्ट काहीही न करता परतायचं. एकदा तर रात्रभर सर्व्हिस बंद होती आणि स्टेटस हिरवं. मी लॉग चाळत बसले होते. प्रोसेस सुरू-बंद करणाऱ्या स्टार्ट-स्टॉप-डीमन या प्रोग्रामला पिड फाइलसोबत एक्झिक्युटेबलचा पाथही दिला, की तो दोन्ही जुळवून पाहतो, हे तुम्ही स्वतः करून दाखवलंत. स्टेटस विचारल्यावर स्क्रिप्ट जो आकडा परत देते, तो एक्झिट कोडही तुम्हीच लावून दिलात: चालू असेल तर ०, प्रोसेस मेली पण पिड फाइल उरली तर १, बंद असेल तर ३. आम्ही सरसकट १ देत होतो. चालू सर्व्हिस पुन्हा स्टार्ट केली तर ती चूक धरायची नाही, हेही तेव्हाच कळलं.

दोन व्हर्च्युअल मशीन उभ्या करून, एकीवर सिसव्ही इनिट आणि दुसरीवर सिस्टिमडी, तुम्ही प्रत्येक बदल दोन्हीकडे तपासलात. डीमन मुद्दाम मारून पाहिलात. हे तुमचं काम नव्हतं.

आमच्या दुसऱ्या सर्व्हिसची स्क्रिप्ट मी आता याच पद्धतीने लिहिली आहे. हेडरखाली ११ ओळी आहेत. सवड मिळाली की एकदा नजर टाकाल का?