कोयता कुणी दिला, तेही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'सिडकोत टोळक्याकडून वाहनांची तोडफोड' अशी चार ओळींची बातमी गेल्या महिन्यात तुमच्या आतल्या पानावर होती. त्यातली एक ओम्नी माझी, म्हणून हे पत्र.

मी नाशिकच्या सिडको भागात, उत्तमनगरच्या बाजूला पोळीभाजी केंद्र चालवते. एकवीस वर्षं झाली. डबे बहुतेक अंबडच्या कारखान्यांत जातात. पहाटे चारला कणीक मळायला घेते आणि रात्री सव्वाअकराला सेकंड शिफ्टवाली पोरं रिकामे डबे ओट्यावर ठेवून जातात. त्यामुळे गल्ली केव्हा झोपते नि केव्हा उठते, हे मला इतरांपेक्षा जरा जास्त ठाऊक.

त्या शनिवारी रात्री साडेबाराला आवाज आला. गाडीची काच खळ्ळकन फुटते असं मला वाटायचं. तसं नाही. दाराची काच आधी धप्प करून बसली आणि मग खडीसाखरेची पिशवी फाटावी तशी सांडली. खिडकीच्या फटीतून पाहिलं तर तीन पोरं, तोंडाला रुमाल, एकाच्या हातात कोयता. ना शिवीगाळ, ना कुणाचं नाव. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, कामावर निघाल्यासारखी चालत गेली. दोन रिक्षा, माझी ओम्नी आणि चारपाच दुचाक्या. पहाटे केरसुणीने काचा गोळा केल्या, पण एखादा तुकडा परातीत गेला तर, या भीतीने त्या दिवशी डबेच बंद ठेवले. लॉकडाऊन सोडला तर असं पहिल्यांदाच.

गाड्या रस्त्यावर का लावता, असं लोक विचारतात. अहो, सिडको महामंडळाने आमच्या घरांच्या सहा योजना बांधल्या तेव्हा कामगाराकडे सायकल होती, तीही तो घरात घ्यायचा. त्या घरांना जिने चढले, मजले चढले, पण गाडीला जागा कुठून येणार? ज्याला आपली दहशत दाखवायची आहे त्याला कुणाशी भांडायचीही गरज नाही. गल्लीभर माल आयता मांडून ठेवलेला असतो.

चौकीत गेले. साहेब वाईट बोलले नाहीत, चहाही विचारला. "मावशी, इन्शुरन्सला कागद पाहिजे ना? एनसी देतो." एनसी म्हणजे अदखलपात्र. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. माझ्याकडे एका वकील मुलीचा डबा आहे, तिने आणखी समजावलं. गुन्ह्यांची जी वार्षिक आकडेवारी दिल्लीहून छापून येते, तिच्यात दखलपात्र गुन्हेच धरतात. शिवाय एका एफआयआरमध्ये पाच कलमं असली तरी मोजताना त्यातलं सगळ्यात मोठं एकच. म्हणजे खून वाढले की कमी झाले हे कळेल, पण आमच्या गल्लीत त्या रात्रीपासून सेकंड शिफ्टची पोरं डबा ठेवायला एकेकटी येत नाहीत, हे कुठल्या तक्त्यात बसेल? या वर्षी गुन्हे घटले, असं कुणी म्हटलं की मला माझी एनसी आठवते.

२०२५ च्या ऑक्टोबरात पोलिसांनी पकडलेल्या गुंडांकडून 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' असं वदवून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? भाई म्हणवणारे हात जोडून उभे राहिलेले पाहून पोळ्या लाटता लाटता हसलो आम्ही. पण हल्ली गल्लीतली लहान पोरं चोर-पोलीस खेळताना तेच वाक्य म्हणतात आणि चोर व्हायला भांडतात. टाळ्या चोराला मिळतात ना.

आता जे लिहिणार आहे ते चौकीत सांगितलं नव्हतं. त्या तिघांतला एक मी ओळखला. तोंडावर रुमाल असला तरी चाल झाकत नाही. तो सातवीत असताना सुट्टीत माझ्याकडे डब्यांना रबर लावायचा, डब्यामागे आठ आणे. आता सोळाचा असेल. त्याची आई गेली सहा वर्षं माझ्या शेजारी बसून पोळ्या लाटते. मी एनसीत 'अज्ञात इसम' लिहून आले. दुसऱ्या दिवशी तिनेच काचेचा राहिलेला चुरा ओल्या फडक्याने पुसला. तिला माहीत होतं की नव्हतं, मी विचारलं नाही.

त्याला कोयता कुणी दिला हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. तो माणूस तिशीचा आहे, त्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, आणि "तू अजून अठराचा नाहीस, तुला काही होत नाही" हे तो वडापावच्या गाडीवर उघड सांगतो. अर्धवट खरंही आहे ते. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालू शकतो, पण तो ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे त्यासाठी, आणि तेही बाल न्याय मंडळाने आधी तपासून ठरवल्यावर. गाडीच्या काचा त्यात येत नाहीत. मात्र वकील मुलीने दुसरंही वाचून दाखवलं. लहान मुलाकडून गुन्हा करवून घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ खाली किमान तीन, जास्तीत जास्त दहा वर्षं कैद. बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ मध्ये टोळीसाठी मुलं वापरणाऱ्या मोठ्यांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. म्हणजे कायदा आहे. 'विधिसंघर्षग्रस्त बालक ताब्यात', म्हणजे गुन्ह्यात सापडलेलं अल्पवयीन पोर धरलं, ही ओळ मी तुमच्या पेपरात पुष्कळदा वाचली आहे. त्याच्यापुढे 'आणि त्याला हत्यार देणारा अटकेत' अशी ओळ माझ्या तरी वाचनात आली नाही.

२०२७ च्या सिंहस्थासाठी शहर सजतं आहे, सजू द्या. आमची मागणी लहान आहे. तोडफोडीत अल्पवयीन सापडला की त्याच्यामागचा मोठा कोण, हा प्रश्न त्याच कागदावर लिहिला जावा. आणि पोलीस ठाण्यांनी दर महिन्याला एनसींचाही आकडा फलकावर लावावा, खुनांच्या शेजारी. तुमच्या वार्ताहरानेही अशा बातमीत हा प्रश्न एकदा विचारून पाहावा.

ओम्नीला नवी काच बसली आहे. तो मुलगा परवा आईला न्यायला आला होता, खाली बघत उभा राहिला. मी त्याला चार पोळ्या बांधून दिल्या. त्याच्याशी काय बोलावं ते मला सुचलं नाही.

कृपया नाव छापू नये. त्याची आई उद्या पहाटे चारला येईल.

आपली,
एक वाचक, सिडको, नाशिक