‘प्रिंट 5 वर्षे टिकेल’ असं छापलेल्या थर्मल रोलवरची बिलं कोरी पडल्याबद्दल तक्रार

व्यवस्थापक,
थर्मल रोल विभाग

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवला आणि लगेच लिहायला बसलो. रोल तुमचेच, 79 मि.मी.चे, खोक्यावर ठळक अक्षरांत 5 वर्षांची हमी. माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. पंप, गिझर, मिक्सरची वॉरंटी बिलावर चालते. गिऱ्हाईक बिल म्हणून पिवळट कोरा कागद पुढे करतं. सर्व्हिसवाला बिलाशिवाय पंपाला हात लावत नाही आणि बोलणी मी खातो.

‘उन्हात ठेवलं असेल’ असं तुमच्याकडून पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मी तपासूनच पाहिलं. एकाच प्रिंटरवर, एकाच दिवशी, तेच बिल तुमच्या आणि दुसऱ्या कंपनीच्या रोलवर काढलं. एक जोडी काउंटरच्या काचेखाली उन्हात, एक प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, एक कागदी पाकिटात घालून गल्ल्याच्या बंद खणात. उन्हातली दोन्ही फिकी पडली, मान्य. मऊ प्लॅस्टिकमधलं प्लास्टिसायझर (त्याला मऊ ठेवणारं रसायन) छपाई खातं, तेही मान्य. पण खणातलं? दुसऱ्याचं आजही काळंभोर आहे. तुमच्यावरची तारीख दिसत नाही, रक्कम भिंगाने शोधावी लागते.

हे आज तुमच्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, “काका, हवा लागली असेल.” मी म्हटलं, खणात होतं, बंद खणात. तर म्हणे, “मग झेरॉक्स काढून ठेवायची ना!” प्रत्येक गिऱ्हाइकाच्या प्रत्येक बिलाची? त्यावर म्हणाला, “इस्त्री फिरवा, अक्षरं वर येतात.” फोन चालू ठेवूनच इस्त्री फिरवली. अख्खा कागद काळा झाला. उष्णतेने काळं होणं हाच थर्मल कागदाचा धर्म आहे, आणि हे रोल विकणाऱ्या कंपनीच्या माणसाला ठाऊक नाही? काळा झाला म्हणून सांगितलं, तर मला म्हणतो, “इस्त्री जास्त तापली असेल.” वरिष्ठांना जोडून द्या म्हटलं, तर फोनच कापला. माझ्या वयाचा नाही, निदान तक्रारीचा तरी मान ठेवायचा.

रंग आणि त्याला काळं करणारं रसायन यांची जोडी सुटली की अक्षर उडतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. वर संरक्षक थर असेल तर ते थोपतं. तुमच्या रोलवर तो थर आहे की नाही, एवढंच लेखी सांगा. ‘5 वर्षे’ हा आकडा किती तापमानाला, किती दमटपणात, किती काळ तपासून छापला, तो अहवालही पाठवा. बंद खणातलं बिल टिकत नसेल, तर ती ओळ खोक्यावरून काढा.

माझ्याकडचे उरलेले सगळे रोल परत घ्या आणि पैसे द्या. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पोटासाठी स्वतः दुकान चालवणाराही 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक ठरतो, तेव्हा ‘तुम्ही व्यापारी’ म्हणून टाळू नका.

इतकी वर्षं तुमचाच रोल वापरला, शेजारच्या दुकानदारांनाही तोच सांगितला. आता त्यांना काय सांगायचं, ते तुमच्या उत्तरावर ठरेल.

सोबत: खणातल्या दोन्ही बिलांचे फोटो, खोक्याचा फोटो, खरेदीचं बिल (हे साध्या कागदावर आहे, म्हणून वाचता येतं).

एक दुकानदार, सांगली