‘द सेंट्स’ मात्र पाच डॉलर

महोदय,
गेल्या हिवाळ्यात लेकीकडे अमेरिकेला गेले होते. तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या ‘प्रिझर्व्हेशन हॉल’मध्ये जुने जॅझ ऐकायला बसले. बसले म्हणजे अगदी पुढे, जमिनीवर उशी टाकून! खोली वाड्यातल्या माजघराएवढी, भिंतींचा रंग उडालेला, माइक नाही, खाणेपिणे नाही. ट्रॉम्बोनची नळी पार माझ्या कानाशी येऊन परत फिरे.

अ‍ॅलन आणि सँड्रा जॅफी या दांपत्याने १९६१ मध्ये हे सुरू केले ते काम आटलेल्या वयोवृद्ध कृष्णवर्णीय वादकांसाठी. आता त्यांचा मुलगा बेन ते सांभाळतो, स्वतः ट्यूबाही वाजवतो. तिथली फर्माईशीची जुनी पाटी प्रसिद्ध आहे: पारंपरिक गाणे एक डॉलर, इतर दोन, ‘द सेंट्स’ (म्हणजे ‘व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन’, जो तो मागतो ते गाणे) मात्र पाच. तेच ते वाजवून वैतागले असणार बिचारे!

आपल्या मुंबईत १९३०च्या दशकात ‘ताज’मध्ये जॅझचे बँड वाजत. पुढे चिक चॉकलेटसारख्या गोव्याच्या वादकांनी तो ठेका सी. रामचंद्रांच्या गाण्यांत आणला. दादर-गिरगावात एखादे छोटे सभागृह महिन्यातून एक संध्याकाळ, माइक बंद ठेवून, अशा वादकांना मिळेल का? जमिनीवर बसायची माझी तयारी आहे.

– एक वाचक, दादर